आठ कोरी पानं आणि एक फूटपट्टी

विमलताई,

तुमच्या शोकसभेत मी खोटं बोललो नाही, ही बातमी तुम्हाला माझ्याकडूनच कळावी म्हणून लिहायला बसलो. तिथं जे हजर होते त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

वाचनालयाच्या मोठ्या खोलीत सतरंजी अंथरली होती. तुमचा फोटो त्याच टेबलावर ठेवला होता, जिथं बसून तुम्ही पुस्तकांवर शिक्के मारायच्या. बाहेर चपलांचा ढीग एवढा, की त्यावर चढलं तर सातपुड्याच्या पलीकडचा मध्यप्रदेश दिसला असता. अध्यक्षसाहेब म्हणाले, "आता आपले पेंटर दोन मिनिटं बोलतील." माणसं सरसावून बसली. जळगाव जामोदमध्ये पेंटर बोलायला उभा राहिला की लोक तंबाखू मळायची थांबतात, हे तुम्हाला मी काय सांगावं. चहावाला किटली खाली ठेवून दारालाच टेकला. मी उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आतून काहीच आलं नाही. तसाच खाली बसलो.

मागून कोणीतरी कुजबुजलं, "पेंटरले झटका तं नाई आला बे?"

झटका नव्हता. मांडीवरच्या पिशवीत आठ कोरी पानं होती. तुम्ही तुमच्या हातानं शिवलेली, माझ्यासाठी दोन वर्षं थांबलेली. ती भरल्याशिवाय तुमच्याबद्दल चार माणसांत बोलायचा हक्क मला कुठून येणार?

मी पाट्या रंगवणारा माणूस. ज्या दुकानात चार साड्या लटकतात, त्यावर 'भव्य वस्त्रभांडार' मीच लिहिलंय. तीन खुर्च्यांच्या खाणावळीला 'विशाल' मी केलं. एका सायकलवाल्याच्या टपरीवर 'जागतिक' लिहिलं, त्यानं अर्थ विचारला, मी म्हटलं, "लावून ठेव, समजंन हळूहळू." वाढवून सांगणं ही माझी खोड आहे असं लोक म्हणतात. खोड कसली? तो धंदाच आहे. संध्याकाळी तोंडातून जे बाहेर पडतं ते दिवसभराच्या हाताच्या सवयीनं.

म्हणून वाचनालयाची पाटी रंगवायला तुम्ही पहिल्यांदा बोलावलंत, तेव्हा मी सवयीनंच सुरू झालो. "ताई, लोणारले म्या एक पाटी रंगवली व्हती. सरोवराच्या पार पल्याडच्या काठावरून वाचता येते. पाण्यात तिचं उलटं चित्र पडते ना, ते तिथले वांदरं रोज सकाळी वाचत बसते."

तुम्ही हसला नाहीत. खण उघडला, एक जुनी लाकडी फूटपट्टी काढली आणि टेबलावर माझ्यापुढं ठेवली.

"लोणारचं मागून पाहू, भाऊ. आधी आपल्या पाटीचं माप घ्या."

मेहकरकडच्या हिवरा आश्रमाजवळच्या गावातून इथं आलेली ही बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज इतका हळू की समोरच्यानं पंखा बंद करावा. मी मनात म्हटलं, हिला आठवड्यात गुंडाळून ठेवतो. तुम्ही गेलात तोवर तरी ते जमलं नव्हतं.

त्या पाटीच्या तीन ओळी तुम्ही आखायला लावल्या. वरची मराठी. मधली उर्दू, उर्दू शाळेतल्या सरांनी ती खडूनं काढून दिली आणि मी जीभ दातात धरून गिरवली. तिसरी ओळ म्हणालात, रिकामी ठेवा.

"रिकामी काऊन? पाटीचा पैलवान एका पायावर उभा केला तुम्ही."

"तिथं कोरकूत 'या, बसा' लिहायचं आहे. ते कसं म्हणतात हे मला अजून येत नाही. बाजाराच्या दिवशी विचारते."

दोन बाजार तुम्ही विचारत हिंडलात. डोंगराकडून मोहफुलं, डिंक, तेंदूची पानं घेऊन येणाऱ्या कोरकू बाया तुमच्याकडं बघून तोंडाला पदर लावत, कारण त्यांना आजवर कुणी मालाच्या भावाखेरीज काही विचारलंच नव्हतं. तिसऱ्या बाजारी ओळ आली. मी ती रंगवत असताना रस्त्यावरून जाणारी एक म्हातारी थांबली. तिला वाचता येत नव्हतं. तुम्ही बाहेर जाऊन तिला ते वाचून दाखवलंत. तिनं डोक्यावरची टोपली खाली उतरवली, पायऱ्या चढली, आणि खरोखर आत येऊन बसली. पाटीवर लिहिलंय म्हटल्यावर बसायलाच पाहिजे, असा तिचा चेहरा होता. मी रंगवलेल्या शेकडो पाट्यांपैकी एखादीचं कुणी इतकं ऐकलं असेल तर ते त्या दिवशी.

तेव्हा वाचनालय म्हणजे काय होतं? तीन पेन्शनर आणि दोन वर्तमानपत्रं. तिघांपैकी एक तर झोपायलाच यायचे. पंखा घरच्यापेक्षा बरा होता. पोरं खिडकीच्या गजांना लटकून आत बघत आणि कुणी खाकरलं की पाखरासारखी उडत. तुम्ही काय केलंत, तर सगळ्यात खालचा कप्पा रिकामा केला, जमिनीवर टेकणारा, आणि त्यात पोरांची पुस्तकं लावली. पेन्शनर म्हणाले, "इतकं खाली वाकणार कोण?" तुम्ही म्हणालात, "ज्याला वाकावं लागत नाही तो."

तिथून पुढचं मी वाढवून सांगत नाही, कारण त्यात वाढवायला जागाच नाही.

पोरं आत आली. काही घरी उर्दू बोलणारी, काही वऱ्हाडी, काही डोंगराकडून आश्रमशाळेत राहायला आलेली कोरकू. तुम्ही प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या. हातात जे असेल ते वर धरायच्या, लोटा, सुई, भेंडी, आणि म्हणायच्या, "तुझ्या घरी याला काय म्हणतात?" बस. शाळेत सगळे विचारत, याला काय म्हणतात. तुम्ही विचारायच्या, तुझ्या घरी. त्या एका शब्दानं पोरगं फुगायचं, चक्क फुगायचं, मी डोळ्यांनी पाहिलंय. एक पोट्टं तर एवढं फुगलं, की त्याच्या सदऱ्याची वरची दोन बटणं... बरं, राहू द्या. फूटपट्टी दिसली मला.

आणि ती दोन तोंडांची पुस्तकं! ताई, मी देवळांचे कळस रंगवलेत, मशिदीचं दार रंगवलंय, तमाशाचे पडदे रंगवलेत. पण त्या पुस्तकांइतकं नवल मी माझ्या हातून झालेलं दुसरं पाहिलं नाही. उर्दू उजवीकडून सुरू होते आणि मराठी डावीकडून, हे सगळ्या जगाला माहीत. त्याची अडचण न करता त्याचं पुस्तक करावं हे सुचलं ते तुम्हाला. एका बाजूनं उघडलं की गोष्ट मराठीत चालू. दुसऱ्या बाजूनं उघडलं की तीच गोष्ट उर्दूत. दोन्ही चालत चालत मध्ये येतात आणि मधल्या पानावर एक अक्षर नाही, नुसतं चित्र. पहिलं पुस्तक बाजारात हरवलेल्या बकरीचं. मधल्या पानावर बकरी मी काढली होती.

दोन पोरं फरशीवर पालथी पडून वाचत होती. एक इकडून, एक तिकडून, पुस्तक मध्ये, एकाचं बोट डावीकडून सरकतंय, दुसऱ्याचं उजवीकडून. मधली सगळी पानं दोघांनी मिळून उभी धरलेली. आणि दोघं एकाच वेळेला बकरीपाशी पोचली. नाकाला नाक लागलं.

"तुमची बकरी भी यहींच आयी क्या?"

"मंग! एकच बकरी हाय ना बे!"

मी रंगाचा डबा हातात धरून उभा होतो. ब्रश वाळून खडंग झाला, मला कळलं नाही. तुम्ही टेबलावरून नुसतं माझ्याकडं पाहिलंत. त्या वेळी फूटपट्टी बाहेर आली नाही, कारण मी बोललोच नव्हतो.

आता आपल्या भांडणाकडं येतो. टाळत टाळत इथवर आलो, हे तुम्ही ओळखलं असेलच.

सरिता नऊ वर्षांची होती. आश्रमशाळेतले मास्तर तिला घेऊन आले तेव्हा दारातच म्हणाले, "ही मुकी आहे, नुसती बसेल." तुम्ही कात्री वर धरलीत आणि बाजारातल्या बायांकडून जमवलेल्या तुमच्या दहा-बारा कोरकू शब्दांतून मोडकातोडका प्रश्न केलात. मुकी पोरगी बोलली. कात्रीचं नाव सांगितलं, मग तुमचा उच्चार दुरुस्त केला, मग टेबल, पंखा, पाल, पेन्शनर, जे दिसेल त्याचं सांगत सुटली. मास्तर पायरीवर बसून राहिले. ते भले माणूस होते, त्यांना वाईट वाटलं. तुम्ही त्यांना पाणी दिलंत.

सरिताच्या आजीची गोष्ट आपण पुस्तकात करायची ठरवली. फुलकाय आजी, डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरची. बाजाराच्या दिवशी ती आली, वाचनालयाच्या फरशीवर पाय पसरून बसली आणि कोरकूत सांगू लागली. सरिता ते जसं जमेल तसं मराठीत आणत होती. वाटणी अशी, की डाव्या पानावर कोरकू. ते देवनागरीतच, सरितानं सांगायचं आणि तुम्ही अक्षर अक्षर तिच्याकडून तपासून घ्यायचं. उजव्या पानावर मराठी, ती माझ्या हातची. पानासमोर पान.

मी ऐकत होतो. निदान कानाची दिशा तरी तिकडं होती. गोष्ट एवढीच निघाली: आजीची आई झिऱ्यावर पाण्याला गेली, वाघ आला, पाणी प्यायला, गेला.

मी म्हटलं, हे काय? वाघ आला आणि गेला? एवढं तर एसटीसुद्धा करते!

घरी जाऊन मी त्या वाघाला मीठमसाला लावला. सहा हात शेपूट. डरकाळीनं जळगावातली कौलं हलली. आजीच्या आईनं त्याचा कान धरला, डोक्यात घागर घातली, तो मांजरासारखा रडत डोंगर चढला आणि त्या दिवसापासून सातपुड्यातले वाघ घागर बघितली की रस्ता बदलतात. आठ पानं. चित्रांसकट. माझ्या हातचं सगळ्यात सुंदर अक्षर, आजही म्हणतो.

तुम्ही छापील पुस्तकांच्या यादीत अडकल्या होत्या, म्हणून मराठी पानं न वाचता पुस्तक शिवलंत. चूक एवढीच तुमची. मी पेंटर आहे हे तुम्ही एका दुपारपुरतं विसरलात.

शनिवारी वाचन झालं. पोरं, त्यांचे आईबाप, पेन्शनर, सगळे. मी मराठी वाचलं, उभ्यानं, हातवारे करून. घागर फुटली तेव्हा हशा असा पिकला की वरचे पोपडे खाली आले. मग सरिता उठली. तिनं कोरकू पानं वाचली, हळू, बोट ठेवून. वाचून झालं. खाली बसली नाही. पुन्हा पहिल्यापासून पानं उलटत समोरच्या माझ्या पानांवर बोट फिरवू लागली. एक पान. दुसरं पान. ओठ हलत होते.

मग मान वर करून ती मराठीत म्हणाली, "पेंटरबाबा, आजीनं असं नाई सांगतलं."

ज्या पोरीला मुकी म्हणत होते तिचं चारचौघांतलं पहिलं मराठी वाक्य ते. माझी चोरी पकडणारं.

मी हसण्यावर नेलं. "अवं माय, थोडं वाढवा लागते. गोठ हाय ना."

"तुमच्या पानावर घागर फुटली. आजीची घागर घरी हाय. अजून पानी भरते तिच्यात."

आणि टेबलावर लाकडाचा आवाज झाला. तुम्ही फूटपट्टी ठेवली होती. सगळं वाचनालय हसलं, मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. आत मात्र उकळतं डांबर सांडलं होतं.

इतकी वर्षं मी बिनधास्त थापा मारत आलो, कारण ऐकणाऱ्याकडं दुसरं पान नव्हतं. तुम्ही नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात दोन्ही पानं दिलीत. सरकारला, पोलिसाला, माझ्या बायकोलाही जे जमलं नाही ते तिला चार मिनिटांत जमलं. दोन भाषा वाचता येणं म्हणजे काय असतं, हे मला त्या दिवशी कळलं आणि खरं सांगतो, भीती वाटली.

मग आपण भांडलो. आठवतं ना? मी म्हणायचो, लोक हसले की नाही? पोरांना आवडलं की नाही? तुम्ही म्हणायच्या, "आवडलंच. मलाही आवडलं. पण ती तुमची गोष्ट आहे, भाऊ. तुमच्या नावानं सांगा. आजीच्या तोंडात काऊन घालता?"

"आजीच्या गोष्टीत काहीच घडत नाई, ताई!"

"घडतं की नाही ते आजी जाणे. आपण पाटी रंगवणारे. दुकान तिचं आहे."

मी म्हटलं, गोष्ट म्हणजे काय पाणीपट्टीची पावती आहे का, जशीच्या तशी द्यायला? तुम्ही त्यावर दोन दिवस विचार केलात. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "उद्या कुणी तुमच्या आईची गोष्ट सांगितली आणि तिला सहा हात शेपूट लावलं तर?" मी आठ दिवस वाचनालयाकडं फिरकलो नाही.

आलो तेव्हा तुम्ही ब्लेडनं पुस्तकाची शिवण उसवून माझी पानं बाहेर काढली होती. फाडली नाहीत. त्यांचं वेगळं पुस्तक बांधलंत, त्यावर चिठ्ठी, 'पेंटरचा वाघ', आणि तेही खालच्या कप्प्यात लावलंत. ते आज इतकं वाचलं गेलंय की त्याचे कोपरे पोळीसारखे मऊ झालेत. आजीच्या पुस्तकात, कोरकू पानांसमोर, तुम्ही आठ कोरी पानं शिवलीत.

"ही तुमची वाट पाहतील," म्हणालात. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द काढला नाहीत. पुस्तक मात्र टेबलावर ठेवायच्या, मी चहा पितो बरोबर तिथं.

एक दुपार पुरली असती. दोन वर्षं गेली. लोकांना वाटलं पेंटर अडून बसलाय. तुम्हालाही तसंच वाटलं असेल. खरं कारण मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगतो. मला गोष्ट आठवतच नव्हती. आजी सांगत होती, सरिता एक एक शब्द उचलून मराठीत ठेवत होती, आणि माझ्या डोक्यात तेव्हाच माझा वाघ तयार होऊ लागला होता. मी ऐकलंच नव्हतं ताई. पुन्हा लिहायचं म्हणजे पुन्हा विचारावं लागणार, आणि विचारायचं म्हणजे कबूल करावं लागणार, की त्या दिवशी समोर बसून मी बहिरा होतो. तुमच्यासमोर खोटारडा म्हणवून घ्यायला मला लाज नव्हती. बहिरा म्हणवून घ्यायची होती.

आणि एका सकाळी तुम्ही वाचनालय उघडायला आला नाहीत.

शोकसभा संपल्यावर सरिता माझ्यापाशी आली. आता अकरा वर्षांची आहे, माझ्या खांद्याला लागते, मराठी अशी बोलते की अध्यक्षसाहेब सांभाळून उत्तर देतात. म्हणाली, "पेंटरबाबा, आजी खाटेवरून उठत नाई आता. काका-काकूचे पोरं शहरात वाढले, त्याइले कोरकू येत नाई. ते येतात, आजीजवळ बसतात, आजी बोलते, ते नुसते पाहतात. आजीनं इचारलं, माह्या गोठीचं मराठी झालं का?"

मी पिशवीतून पुस्तक काढून कोरी पानं तिच्यापुढं धरली.

"नाई झालं, असं मी सांगतलं नाई अजून," ती म्हणाली. "खोटंबी नाई सांगतलं. गप राह्यली."

तुमची शिष्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो. पुढं तासभर पायी. इथं मी तुम्हाला वाटेतले अस्वल, साप आणि उलटी वाहणारी नदी सांगू शकलो असतो. वाटेत कुणी भेटलं नाही. पळसाची झाडं होती, ऊन होतं, माझे गुडघे दुखत होते.

आजी अंगणात खाटेवर होती. सरिता तिच्या उशाशी बसली. मी खाली बसलो, पुस्तक काढलं, पण उघडलं नाही. म्हटलं, "सरिता, आजीले सांग, त्या दिवशी पेंटरनं ऐकलं नव्हतं. आज ऐकायले आला."

सरितानं सांगितलं. आजीनं मला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं. मग काहीतरी म्हणाली आणि तोंडात दात नसताना हसली.

"काय म्हणते?"

"म्हणते, मले त्याच दिवशी समजलं व्हतं. याचे डोळे दुसरीकडं पयत होते."

मग तिनं सांगितलं. ताई, गोष्ट तेवढीच आहे. उन्हाळ्यात झिऱ्याला हाताएवढं पाणी उरलं होतं. आजीची आई घागर घेऊन वाकली, तेव्हा पलीकडून वाघ आला. मध्ये ते पाणी. पळावं तर पाठ दाखवावी लागेल, ओरडावं तर पाठीशी बांधलेलं लेकरू जागं होईल. लेकरू हललंच. तिनं एक हात मागं नेऊन त्याला पुढं घेतलं, छातीशी लावलं, आणि तशीच बसून राहिली. वाघ पाणी पिऊ लागला. लेकरू दूध पिऊ लागलं. दोघांच्या पिण्याचा आवाज येत होता, दुसरा आवाज नव्हता. आधी वाघाचं पोट भरलं. त्यानं पाहिलं आणि तो गेला. मग तिनं त्याच पाण्यात ओंजळ घातली आणि ती प्यायली. घागर भरून घरी आली.

रंगवणाऱ्या माणसाची जुनी खाज, एक प्रश्न तोंडातून सुटलाच. "आजी, वाघ केवढा होता?"

या वेळी तिनं सरिताची वाट पाहिली नाही. मराठीतच म्हणाली, "कूला व्हता बाबू. कूला असते तेवढाच."

कूला म्हणजे वाघ. तेवढाच. सहा हात शेपटाचा माझा वाघ तिथंच अंगणात विरघळून गेला आणि त्या जागी जो उभा राहिला, त्याच्याकडं मला बघवेना.

मी तिथंच बसून आठ पानं लिहिली. प्रत्येक पान सरितानं डाव्या पानाशी लावून पाहिलं. दोनदा मला थांबवलं. एकदा मी 'भयंकर' लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. एकदा 'धीट' लिहिलं होतं. मी म्हटलं, अगं, धीट तर होती ना तुझी पणजी? ती म्हणाली, "व्हती. पण आजीनं तसं म्हटलं नाई." तेही खोडलं. लिहिलेलं आजीला वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर मान हलवून म्हणाली, "हाव."

या शनिवारी वाचन ठेवलं. शहरातली ती दोन नातवंडंही आणली होती. सरिता डावं पान वाचायची, मी उजवं. हातवारे नाहीत. दोन्ही हातांनी पुस्तक धरलं होतं, म्हणजे ते बांधलेले राहतील. कुणी हसलं नाही. वाघ पाणी पीत होता तेव्हा झोपायला येणारे पेन्शनर ताठ बसले होते, आणि पंखा कुणी बंद केला मला माहीत नाही, पण बंद होता. शेवटचं पान संपलं. शहरातलं धाकटं नातवंड म्हणालं, "मग पुढं काय झालं?"

मी तोंड उघडणार होतो. शपथेवर सांगतो, तेरा उत्तरं तयार होती. पण गप राहिलो, आणि सरिता म्हणाली, "मंग ते लेकरू मोठं झालं. ते आपली आजी."

त्या दोन पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. लहानग्यानं पुस्तक ओढून घेतलं आणि डाव्या पानावर, न समजणाऱ्या अक्षरांवर, बोट ठेवलं. "हे कसं वाचायचं?" सरिता त्याच्याशेजारी पालथी पडली. खालच्या कप्प्याजवळ, तुम्ही ठरवून दिलेल्या जागेवर.

पाटीला माझ्या हातून नवा रंग द्यायचा ठराव झालाय. अध्यक्षसाहेब म्हणाले, विमलताईंबद्दलही एक ओळ घालू, पेंटर, तुम्हीच काहीतरी भव्य सुचवा. मी म्हटलं, विचार करतो. तुमचा खण उघडला. फूटपट्टी तिथंच आहे, कुणी हलवलेली नाही.

शोकसभेतली माझी दोन मिनिटं अजून शिल्लक आहेत, ताई. ती इथं वापरतो.

विमलताई उंचीनं पाच फुटांना थोड्या कमी होत्या. वाचनालयाच्या वेळेआधी येऊन दार उघडायच्या. आलेल्या पोराला आत घ्यायच्या, हातातली वस्तू वर धरायच्या आणि विचारायच्या, तुझ्या घरी याला काय म्हणतात? मग ते सांगेपर्यंत थांबायच्या.

तेवढंच. माप घेऊन पाहा.